गिलावा न केलेलं घर

नुसत्या विटांचं घर दिसलं की आपल्याकडे हमखास विचारतात, "गिलावा कधी करणार?" एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमधले अनेक सुखवस्तू लोक आपल्यातलेच म्हणायचे. घर विटांचं बांधायचं, वर स्टकोचा गुळगुळीत थर द्यायचा आणि त्यावर रेघा ओढून दगडी बांधकामाचा आव आणायचा! त्यात विटांवर सरकारी करही होता, 1784 पासून थेट 1850 पर्यंत.

तो कर गेल्यावर नऊ वर्षांनी, 1859 मध्ये, केंट परगण्यातल्या एका फळबागेत लाल विटांचं एक घर उभं राहू लागलं. ही जागा आता लंडनच्या बेक्सलीहीथ उपनगरात येते. मालक विल्यम मॉरिस, वय 25, नुकतंच लग्न झालेलं. वास्तुरचनाकार त्याचा मित्र फिलिप वेब, वय 28, आणि हे त्याचं स्वतंत्रपणे केलेलं पहिलंच काम. विटांवर काहीही चढवायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. घराचं नावसुद्धा सरळ 'रेड हाउस'.

हे 'पहिलं आधुनिक घर' असं बरेच ठिकाणी वाचायला मिळतं. मला ते पटत नाही. स्ट्रीट आणि बटरफील्ड यांनी पाद्र्यांसाठी अशी साधी विटांची घरं आधीच बांधली होती, आणि वेब आणि मॉरिस दोघंही या स्ट्रीटच्याच ऑफिसात काम केलेले. फरक एवढाच, की इथे तो साधेपणा एका श्रीमंत तरुणानं हौसेनं मागून घेतला.

मला सगळ्यात आवडतात त्या खिडक्या. बाहेरून पाहिलं तर कुणी मूठभर खिडक्या भिंतीवर फेकल्यासारखं वाटतं. कुठे उंच, कुठे अरुंद, बोळातल्या तर चक्क गोल. पण आतून बघितलं की कोडं उलगडतं. ज्या खोलीला जिथे उजेड हवा, तिथे खिडकी. तोपर्यंतची रीत उलटी होती : दर्शनी भाग सारखा दिसला पाहिजे, मग आतल्या माणसाला अंधारात बसावं लागलं तरी चालेल. काही खिडक्यांवर चर्चसारखी टोकदार विटांची कमान दिसते. ती भिंतीचं ओझं पेलते, आणि तिच्या पोटात साधी वर-खाली सरकणारी खिडकी बसवलेली. देवळाची कमान आणि घरगुती खिडकी, दोघी गुण्यागोविंदानं नांदतात.

घराचा आकार इंग्रजी 'एल'चा. कोपऱ्यातल्या अंगणात विहीर, तिच्यावर कौलांची शंकूसारखी टोपी. बागेतली झाडं शक्य तेवढी वाचवली होती. उघड्या खिडक्यांतून सफरचंदं आत पडायची असं सांगतात.

आणि एवढं सगळं करून मुख्य खोल्या ठेवल्या उत्तरेला! आपल्याकडे उन्हाळ्यात दुवा दिला असता, पण इंग्लंडच्या हिवाळ्यात?

बाजारात मनासारखं सामान मिळेना, म्हणून मित्रमंडळीच कामाला लागली. बर्न-जोन्सनं दिवाणखान्याच्या भिंती रंगवायला घेतल्या. त्याच उत्साहातून 1861 मध्ये मॉरिसची सजावटीची कंपनी निघाली. दोन्ही मुली याच घरात जन्मल्या. 1864 मध्ये बर्न-जोन्स कुटुंबासाठी आणखी एक बाजू बांधून सगळ्यांनी एकत्र राहायचं ठरत होतं. पण बर्न-जोन्सकडे स्कार्लेट फीव्हर शिरला आणि नुकतंच जन्मलेलं बाळ गेलं. मॉरिसलाही संधिवाताच्या तापानं गाठलं. त्यात रोजची लंडनची ये-जा, आणि खाणीच्या शेअर्सचं उत्पन्न घटत चाललेलं. ती बाजू कधी बांधलीच गेली नाही.

1865 मध्ये मॉरिसनं घर सोडलं. जेमतेम पाच वर्षं राहिला. पुन्हा त्यानं ते डोळ्यांनी पाहिलंही नाही, असं त्याचा चरित्रकार लिहितो.

2003 मध्ये नॅशनल ट्रस्टनं घर घेतलं. आणि 2013 मध्ये झोपायच्या खोलीतल्या मोठ्या कपाटामागे, रंगाच्या थरांखाली, अख्खं भित्तिचित्र सापडलं. आदम आणि ईव्ह, नोहा, राहेल... मॉरिस आणि त्याच्या मित्रांनी रंगवलेले. बाहेरच्या विटांवर कुणी गिलावा केला नव्हता, पण आतल्या चित्रांवर नंतरच्या कुणीतरी रंग फासलाच होता!