टंकलेखनाच्या वर्गापासून संगणकाच्या वर्गापर्यंत

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी संगणक वर्गाचा इतिहास लिहिण्याचे काम विश्वस्त मंडळाने माझ्याकडे सोपविले. कापडाच्या व्यापाऱ्याने या विषयावर लेखणी उचलावी, याचे काहींना नवल वाटेल. परंतु टंकलेखन यंत्राचा खडखडाट आणि संगणकाची मुकी कळ ही दोन्ही ज्यांच्या बोटांनी अनुभवली, त्या पिढीचा मी आहे. एवढ्याच अधिकारावर हे लिहीत आहे.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि बघता बघता टेल्को, बजाज ऑटो यांसारख्या कारखान्यांनी हा परिसर भरून गेला. कारखान्याला जसे फिटर लागत, तसेच पत्रे व चलने टंकित करणारे कारकूनही लागत. त्यामुळे चिंचवड व पिंपरीच्या बाजारात वरच्या मजल्यांवर टंकलेखनाचे वर्ग सुरू झाले. बी. कॉम. करणारा मुलगा सकाळी तासभर ‘टायपिंग’ला जाई, मीही गेलो. इंग्रजी चाळीस किंवा मराठी तीस शब्द प्रति मिनिट या वेगाच्या शासकीय प्रमाणपत्रावर कित्येकांना नोकऱ्या मिळाल्या. शिकविण्याचे सारे उद्दिष्ट तेवढेच होते : वेग व नोकरी. गोदरेज कंपनीने १९५५ साली बाजारात आणलेले भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र पुढे पुणे-सातारा रस्त्यावरील शिरवळला तयार होऊ लागले. २००९ साली ते उत्पादनही थांबले.

दरम्यान पुण्यात निराळीच हालचाल चालली होती. १९८८ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली. तिचा ‘परम’ महासंगणक सर्वांना ठाऊक आहे. मात्र याच संस्थेच्या ‘जिस्ट’ तंत्रामुळे भारतीय लिपी संगणकाच्या पडद्यावर उमटू लागल्या, हे आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असेल. भारतीय लिप्यांसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ हा प्रमाणित कळफलकही त्याच सुमारास निश्चित झाला. त्यात स्वर व मात्रा डाव्या हाताकडे, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताकडे. ‘क’च्याच कळीवर शिफ्ट दाबले की ‘ख’, ‘त’च्या कळीवर ‘थ’. जुन्या यंत्रावर ‘जिन’ लिहिताना आधी वेलांटी व मग ‘ज’ मारावा लागे. इन्स्क्रिप्टमध्ये आपण बोलतो त्या क्रमाने आधी ‘ज’, मग वेलांटी. बालवर्गात वर्णमाला घोकलेल्या मुलाला हे चटकन उमजते.

२००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची पुण्यात स्थापना झाली व २००२ पासून ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम सुरू झाला. गावोगावी अध्ययन केंद्रे उघडली. याच लाटेत आपल्या सभागृहामागील खोलीत जुने संगणक मांडून लहान मुलांसाठी विनामूल्य वर्ग सुरू झाला. शिकविणारे बहुतेक आमच्यासारखे टंकलेखनाच्या मुशीतले. त्यामुळे गंमत अशी झाली, की आमच्या सवयी मुलांच्या बोटांत उतरल्या. ओळ संपताच एन्टर दाबायचे, शीर्षक मध्यभागी आणण्यासाठी स्पेसची कळ पंधरा वेळा बडवायची. वास्तविक ‘वर्ड’मध्ये ओळ आपोआप मोडते व मध्यभागी आणण्यासाठी स्वतंत्र खूण असते. अक्षराचा आकार बदलला, की आमच्या मुलांचे अर्ज विस्कटत आणि आम्ही संगणकाला दोष देत असू!

याहून मोठी चूक वेगळीच होती. आम्ही मुलांना केवळ इंग्रजी शिकविले. मराठी मजकूर छापखान्याचे काम, अशी आमची समजूत. त्या काळी छापखान्यात चालणाऱ्या बहुतेक मराठी फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसविलेले असत. तो फाँट आपल्या संगणकावर नसेल, तर मजकुराऐवजी निरर्थक चिन्हे दिसत. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून मजकूर कुठल्याही संगणकावर वाचता येतो. विंडोज २००० पासून ही सोय आली होती. आमच्या वर्गात ती पोहोचायला फार वर्षे गेली.

त्याची किंमत या वर्षी कळली. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेची सीडी कपाटात जपून ठेवली होती. ती उघडली, तेव्हा पडद्यावर कंस, टिंबे आणि रोमन अक्षरांचा चिखल दिसला. फाँट कोणता होता, हे सांगणारे कोणी उरले नव्हते. छापखाना केव्हाच बंद झालेला. छापील प्रती शोधल्या तेव्हा एक मिळाली, तीही पावसाने फुगलेली. संस्थापकांच्या आठवणी, देणगीदारांची यादी, पहिल्या चातुर्मासाचा वृत्तांत, सारे त्या एकाच प्रतीत. आपल्या पूर्वजांनी पाटण-जैसलमेरच्या भांडारांतील ताडपत्रे शतकानुशतके टिकविली. आम्हाला पंचवीस वर्षांची सीडी राखता आली नाही, हे लिहिताना संकोच वाटतो.

अखेर वर्गातील आठवी-नववीच्या मुलामुलींनी ती प्रत वाटून घेतली. दोन महिने त्यांनी इन्स्क्रिप्टवर हात बसविला आणि नंतर पानामागून पान युनिकोडमध्ये उतरविले. ‘पर्युषण’, ‘प्रतिक्रमण’, ‘सामायिक’ हे शब्द त्यांना घरून पाठ होते. अडले ते जुन्या आडनावांपाशी. तेव्हा वयोवृद्ध श्रावक-श्राविकांना शेजारी खुर्ची देऊन बसविले. एका आजींना देणगीदारांच्या यादीत आपल्या सासऱ्यांचे नाव सापडले. नातीने ते चुकीचे टंकित केले होते, आजींनी दुरुस्त करविले. ज्ञानपंचमीच्या दिवशी शेवटचे पान पूर्ण झाले. ते काम या स्मरणिकेच्या उत्तरार्धात जसेच्या तसे छापले आहे. ओल लागलेल्या तीन पानांवरील काही नावे अद्याप लागलेली नाहीत; ज्यांना ती ओळखता येतील, त्यांनी रविवारी सकाळी वर्गात यावे.