ताराबाई मोडक आणि अंगणवाडीची मूळ कल्पना

आपल्याकडील बालशिक्षणाचा इतिहास सांगताना एक सोयीची वंशावळ मांडण्याची प्रथा पडली आहे. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो वस्तीत पहिले बालगृह उघडले. त्यांच्या विचारांनी प्रभावित होऊन गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. आणि गिजुभाईंच्या सहवासातून ती विद्या ताराबाई मोडक यांनी महाराष्ट्रात आणली, अशी ती वंशावळ. तीत खोटे असे काही नाही. परंतु तीवर विसंबणाऱ्या अभ्यासकाची अशी समजूत होते, की ताराबाईंचे कार्य म्हणजे एका परकीय पद्धतीचा प्रसार. वस्तुतः ताराबाईंनी काय आणले यापेक्षा पुढे काय टाकून दिले, हे पाहिले असता त्या कार्याचे स्वरूप अधिक नीट उमगते.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. विवाह, अमरावतीतील संसार व त्याची अखेर या गोष्टींचा विस्तार येथे नको. त्यानंतर त्या राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्य झाल्या, एवढे नमूद करणे पुरे. ती प्रतिष्ठेची जागा सोडून त्या भावनगरला गिजुभाईंकडे गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढला. मुंबईतील सुशिक्षित मध्यमवर्गाने तो उचलून धरला. रोममध्ये गरिबांच्या चाळींत जन्मलेली पद्धती आपल्याकडे प्रथम रुजली ती फी देऊ शकणाऱ्या घरांत, हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही.

तो ताराबाईंनाही जाणवत असला पाहिजे. एरवी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी चालती संस्था सोडून त्या बोर्डीला गेल्या नसत्या. १९४५ च्या आरंभी सेवाग्राम येथील परिषदेत नयी तालीमची व्याप्ती वाढून पूर्वबुनियादी शिक्षणाचा विचार पुढे आला होता. त्याच वर्षी ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू झाले. येथेच अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालविधवा झालेल्या, शिक्षिका म्हणून अनुभव घेतलेल्या अनुताईंनी पुढील आयुष्य या कामाला दिले.

बोर्डीच्या अनुभवाने पहिला धक्का दिला तो शाळेच्या कल्पनेलाच. बालवाडी उघडली, तरी ज्यांच्यासाठी ती होती ती मुले येईनात. आईबाप मजुरीला गेलेले, कडेवर धाकटे भावंड, दारची गुरे सांभाळायची. अशा मुलाला ठरल्या वेळी ठरल्या जागी बोलावणे व्यर्थ होते. तेव्हा शाळाच मुलाकडे नेण्यात आली. वस्तीतील एखाद्या घरच्या अंगणात मुलांना जमवून, त्यांना न्हाऊमाखू घालून, गाणी, गोष्टी व खेळ यांच्या साहाय्याने जे शिक्षण सुरू झाले, ती अंगणवाडी. पुढे १९५६-५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणावर जाऊ लागले, ती कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक वर्ग एकत्र ठेवून विकासवाडी उभारली गेली. धाकट्याला पाळणाघरात ठेवल्यावाचून थोरली बहीण वर्गात बसू शकत नाही, या साध्या निरीक्षणातून ही रचना आली.

साधनांचीही तीच गत झाली. महागड्या लाकडी संचाऐवजी शंखशिंपले, बिया, पाने, काटक्या, खडे वापरण्यात आले. या बदलाचे नुसते कौतुक करून थांबणे मात्र बरोबर नाही. माँटेसरी संचातील दट्ट्यांचा ठोकळा घेतला, तर एक दट्ट्या चुकीच्या खाचेत बसताच शेवटी एक उरतो आणि चूक मुलाची मुलालाच कळते. शिक्षकाने मागे राहावे, हे तत्त्व या योजनेवर उभे आहे. शिंपल्यांत अशी सोय नाही. लहानमोठे लावताना कोठे चुकले, हे सांगणारे किंवा न सांगता सुचविणारे माणूस जवळ लागते. अर्थात साधन स्वस्त झाले, पण शिक्षिका अधिक मोलाची झाली. म्हणूनच शिक्षिका घडविण्याचे काम बालवाडीच्या बरोबरीने चालले, असे मला वाटते. या प्रयोगाचा खरा खर्च तेथे होता. आणि नेमका तोच पुढे सर्वांत कमी मोजला गेला.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्राला अंगणवाडी हेच नाव मिळाले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, आहार व आरोग्याचे शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा तिच्याकडे आल्या. कुपोषणाने मुले दगावत असलेल्या देशात आहाराला अग्रक्रम मिळाला, याला दोष देण्याचे कारण नाही. कोसबाडच्या कार्यकर्त्यांनाही उपाशी मुलाला शिकविता येत नाही हे ठाऊकच होते. तथापि सहांपैकी एक सेवा म्हणून शिक्षण उरले, आणि तुटपुंज्या मानधनावरील एका सेविकेकडे वजनाच्या नोंदींपासून आहारवाटपापर्यंत सारे सोपविले गेले, तेव्हा शिंपले हाती घेऊन मुलाशेजारी बसण्यास तिला सवड किती राहिली, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

अनुताई १९९२ पर्यंत हयात होत्या. आपल्या अंगणातील शब्द देशभर झालेला त्यांनी पाहिला. सरकारी अहवालांत त्या शब्दाचा अर्थ एक इमारत, एक पट आणि एक साठा असा होत गेला, तर कोसबाडच्या मूळ व्यवहारात तो मुलाच्या दाराशी जाण्याच्या क्रियेचा निदर्शक होता. हे अर्थांतर कोणत्या टप्प्यांनी झाले, प्रशिक्षणाचा काळ व आशय कसकसा बदलत गेला, याचा सलग अभ्यास योजनेच्या आरंभीच्या प्रकल्पांपासून करावा लागेल. त्यात कोसबाड तुलनेसाठी जवळ ठेवावे, एवढीच सूचना येथे करतो.