५॥ ही पूर्ण संख्या आहे काय? मुरुमच्या मुलखातील अंक आणि संगणकाची कसोटी

१/१०
संगणकाच्या चौकटीत कोणी वय, गट क्रमांक किंवा रक्कम भरतो, तेव्हा यंत्राच्या हाती संख्या येत नाही. अक्षरांची एक ओळ येते. ती ओळ म्हणजे पूर्णांक आहे की नाही, हे आज्ञावलीला आधी ठरवावे लागते. हा प्रश्न संगणकापेक्षा जुना आहे, आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमेजवळच्या मुरुमसारख्या गावाच्या इतिहासात त्याची गुंतागुंत स्पष्ट दिसते.

२/१०
मुरुम आज धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यात आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे १८८० च्या दशकात फारसीची जागा घेऊन उर्दू ही कारभाराची भाषा झाली. मराठी हिशेब मोडी व देवनागरीत चालत, शेजारी कन्नड होती आणि पुढे इंग्रजी अंकही रुळले. ‘पाच’ या एका संख्येची अशी अनेक रूपे एकाच मुलखात नांदत होती.

३/१०
अंकांखेरीज अपूर्णांकांच्या खुणाही होत्या. जुन्या मराठी हिशेबात ५। म्हणजे सव्वापाच, ५॥ म्हणजे साडेपाच आणि ५॥। म्हणजे पावणेसहा. रुपयाचे १६ आणे असल्याने पाव, अर्धा व पाऊण या रोजच्याच गोष्टी होत्या. मात्र उर्दूतील एकाचा अंकही जवळजवळ उभी रेघच असतो. म्हणजे एका कागदावर जी रेघ ‘एक’, तीच दुसऱ्यावर ‘पाव’, आणि पोथीतील ओवीच्या शेवटी नुसता विराम.

४/१०
वाचणारा संदर्भावरून अर्थ लावी. तरीही खाडाखोडीची भीती असेच. म्हणून रक्कम आकड्यांबरोबर ‘अक्षरी’ही लिहिण्याची रीत पडली. उर्दू दस्तऐवजांत तर रकमेपुढे तिची ‘निस्फ’, म्हणजे निम्मी रक्कमही नोंदवीत. पाचशेपुढे अडीचशे लिहिलेले असताना पाचशेचे सहाशे करणाऱ्याची लबाडी लगेच उघडी पडे. भरलेली माहिती ग्राह्य धरण्यापूर्वी तपासण्याची ही कागदावरची पद्धत होती.

५/१०
१९५६ साली हा जिल्हा मुंबई राज्यात आला. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणेपद्धती सुरू झाली आणि रुपयाचे १०० नवे पैसे झाले. आणे गेले, आणि त्यांच्याबरोबर पाव-निम्म्याच्या त्या रेघाही हळूहळू वहीतून नाहीशा झाल्या.

६/१०
त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९६३ साली, अमेरिकेत अ‍ॅस्की हे सांकेतिक मानक प्रसिद्ध झाले. त्यात ४८ ते ५७ हे दहा क्रमांक इंग्रजी अंकांना मिळाले. इतर लिप्यांच्या अंकांना जागाच नव्हती. पूर्णांक ओळखण्याची सर्वांत सोपी कसोटी येथूनच निघाली: प्रत्येक अक्षराचा क्रमांक ४८ ते ५७ च्या दरम्यान आहे काय? या कसोटीपुढे मराठी ‘५’ हा अंक ठरतच नाही.

७/१०
१९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. त्यात देवनागरी अंकांना २४०६ ते २४१५ हे क्रमांक मिळाले. कन्नड व उर्दू अंकांच्याही स्वतंत्र जागा आहेत, आणि मोडीचा समावेश २०१४ साली झाला. महत्त्वाचे हे, की युनिकोड चिन्हाचा आकारच नव्हे, तर ते दशमान अंक आहे काय व त्याचे मूल्य किती, हेही नोंदवते. त्यामुळे उर्दूतील एक आणि मराठीतील दंड दिसायला सारखे असले, तरी यंत्रासाठी वेगळे आहेत.

८/१०
तरीही सर्व संगणकीय भाषा एकमताच्या नाहीत. ‘१२’ हे देवनागरी अंक पायथॉन आणि जावा पूर्णांक म्हणून स्वीकारतात. जावास्क्रिप्ट ‘ही संख्या नव्हे’ असे सांगते. डॉटनेटमध्ये तर नमुना-शोधाची नेहमीची खूण त्यांना अंक मानते, पण संख्येत रूपांतर करताना तीच प्रणाली त्यांना नाकारते. दारावर प्रवेश मिळालेला मजकूर आत गेल्यावर अडतो.

९/१०
पायथॉनमध्ये हा प्रश्न तीन प्रकारे विचारता येतो: चिन्ह दशमान अंक आहे का, अंक आहे का, की केवळ संख्यावाचक आहे? २००९ साली युनिकोडमध्ये आलेल्या पाव-अर्ध्याच्या स्वतंत्र खुणा फक्त तिसऱ्या कसोटीला उतरतात. घातांकाचा लहानसा वरचा २ दुसऱ्या कसोटीला उतरतो, पण त्याचा पूर्णांक होत नाही. पूर्णांकाशी सुसंगत ती पहिली कसोटी. मात्र उणे पाचमधील उणे चिन्ह तीही नाकारते, त्याची सोय वेगळी करावी लागते. आणि ५॥ दंड वापरून लिहिले, तर तिन्ही कसोट्यांचे उत्तर ‘नाही’ असेच येते.

१०/१०
१९६४ च्या कायद्याने मराठी ही महाराष्ट्राची राजभाषा झाली. मराठीत प्रश्न विचारणाऱ्या अर्जाने मराठीत लिहिलेला आकडा ‘चुकीचा’ ठरवला, तर चूक लिहिणाऱ्याची नसते. त्याच्या अंकांना कसोटीत जागाच दिलेली नसते. उपाय अवघड नाही. सर्व अंक एकाच लिपीतील आहेत याची खात्री करावी, मग मूल्य काढावे आणि साठवावे ते मूल्यच. पायथॉन एकाच संख्येत देवनागरी व कन्नड अंकांची सरमिसळही खपवून घेते, म्हणून ही खात्री आज्ञावली लिहिणाऱ्यालाच करावी लागते. निजामी अमलातील कागद वाचणाऱ्यालाही रेघेचे मूल्य लावण्याआधी हेच पाहावे लागे: कागद कोणत्या लिपीतला आहे?