बृहत्संहितेतील वृक्षारोपण

सहाव्या शतकात अवंती प्रदेशातील वराहमिहिराने रचलेल्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा, म्हणजे झाडांच्या लागवडीचा आणि आरोग्याचा, एक स्वतंत्र अध्याय असून, ज्योतिषाच्या ग्रंथात तो आला असला तरी त्यातील पुष्कळसा भाग बागाइतदाराच्या हातच्या कामाचाच आहे. लागवडीपूर्वी मऊ जमिनीत तीळ पेरावेत आणि ते फुलावर आले की तिथेच चुरडून टाकावेत, असे तो सांगतो; आजच्या हिरवळीच्या खताशी याचे साम्य उघड आहे. फांद्या न फुटलेली रोपे शिशिरात, फांद्या फुटलेली हेमंतात आणि भक्कम बुंध्याची वर्षा ऋतूत लावावीत, अशी विभागणी तो करतो, म्हणजेच रोपाची अवस्था पाहून हंगाम ठरवतो. दोन झाडांमध्ये वीस हात, म्हणजे सुमारे 30 फूट, अंतर उत्तम, सोळा हात मध्यम आणि बारा हात किमान मानले असून, याचे कारणही त्याने दिले आहे: जवळ वाढलेली, एकमेकांना भिडलेली आणि मुळे गुंतलेली झाडे नीट फळत नाहीत. पाने पांढुरकी पडणे, अंकुर न वाढणे, फांद्या सुकणे व रस पाझरणे ही रोगलक्षणे नोंदवून तो प्रथम बिघडलेला भाग शस्त्राने काढण्यास आणि नंतर वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप लावण्यास सांगतो; लेपाच्या गुणाविषयी शंका घेता येईल, छाटणीविषयी मात्र क्वचितच.