वाऱ्यात गाणारी तार

जोराचा वारा सुटला की ताणलेली तार गुणगुणू लागते. सतारीचा अनुभव असणारा सहज म्हणेल, सूर ताणावर आणि लांबीवर ठरत असणार.

१८७८ साली जर्मनीतील व्युर्झबुर्ग येथे चेनेक स्ट्रौहाल या तरुण चेक भौतिकशास्त्रज्ञाने हे तपासले. वाऱ्याची वाट न पाहता त्यांनी उभी तारच वर्तुळाकार फिरवली! आढळले असे की ताण वा लांबी बदलून सूर हलत नाही. तो वेगावर आणि तारेच्या जाडीवर ठरतो. कंपनसंख्येला जाडीने गुणून वेगाने भागले की दरवेळी सुमारे ०.१८५ उरते. मीटर, सेकंद सारे एकमेकांत विरून जातात. हाच तो एककरहित अंक.

कारण मात्र त्यांनी चुकीचे सांगितले. हवेच्या घर्षणातून ध्वनी उपजतो, असे त्यांचे मत होते. पुढच्याच वर्षी रॅले यांनी दाखवले की तार वाऱ्याच्या दिशेला काटकोनात थरथरते. तारेमागे आलटून-पालटून सुटणाऱ्या भोवऱ्यांचा उलगडा बेनार आणि कारमान यांनी विसाव्या शतकात केला.

तरीही अंकाला नाव स्ट्रौहाल यांचेच मिळाले, आणि मला ते न्याय्य वाटते. उंच धुराड्यांची आखणी करताना अभियंते आजही ०.२ च्या आसपासचाच आकडा धरतात.