माटुंग्याची हॉटेलं आणि शेजारच्या खुर्चीवरचा माणूस

माटुंग्याला इडली खायला कुठे जावं, असं कोणी विचारलं की मी आधी सनावळी सुरू करतो. मास्तरकीची जुनी खोड, दुसरं काय! कूलार अँड कंपनी १९३२. कॅफे मैसूर १९३६. रुईयासमोर सुरू झालेलं मणीज लंच होम १९३७. राम आश्रय १९३९. कॅफे मद्रास १९४०. ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२. तुम्ही म्हणाल, भूक लागलीय आणि हा माणूस तारखा काय सांगतोय! पण जरा पाहा. चालत दहा-पंधरा मिनिटांच्या टापूत, अवघ्या दहा वर्षांत सहा नावं, आणि सहाही आजपर्यंत लोकांच्या तोंडी. याला काहीतरी कारण असणारच.

ते कारण शोधायला थेट १८९६ च्या प्लेगपर्यंत मागे जावं लागतं. गिरगाव, मांडवीच्या कोंदट चाळींत माणसं पटापट गेली. मग १८९८ साली सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला आणि दादर-माटुंग्याच्या शेतांवर रुंद रस्ते, बागा आणि मोकळी हवा असलेली वस्ती आखली. आखणी झाली, पण माणसं काही लगेच येईनात. वस्ती खरी भरली ती १९२०-३० च्या दशकांत. त्यात मोठा भाग होता मद्रास इलाख्यातून आलेल्या कारकुनांचा. इंग्रजी चांगलं, टायपिंग येतं, कोटातल्या कचेरीत नोकरी, आणि कुटुंब अजून गावी. निखिल राव यांनी 'हाऊस, बट नो गार्डन' या २०१३ च्या पुस्तकात माटुंग्याचा हा सगळा प्रवास मांडलाय. तमिळ, मल्याळी, कन्नड, कोणी अय्यर, कोणी अय्यंगार, अशी आपापल्या गावी एकमेकांपासून लांब राहणारी माणसं माटुंग्यात येऊन 'साउथ इंडियन' झाली. १९३२ साली त्यांनी शिक्षणसंस्था काढली तिचं नावसुद्धा साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी. त्यात १९३७ ला रुईया आणि खालसा ही कॉलेजं आली, म्हणजे विद्यार्थीही आले. एकट्या पुरुषांच्या आणि पोरांच्या जेवणाची सोय कोणीतरी करायलाच हवी होती.

आता मुद्द्याचं. आज आपण हॉटेलात शिरतो आणि रिकामी दिसेल ती खुर्ची ओढतो. शेजारी कोण बसलंय, आत कोण रांधतंय, विचारत नाही. त्या काळी नेमके हेच दोन प्रश्न आधी विचारले जात. आपल्याकडे खाणावळीवर 'ब्राह्मणाची' असा शब्द रंगवलेला असे आणि तो वाचून माणूस जिना चढे किंवा चढत नसे. उडुपी हे नावही काही निव्वळ चवीचं नव्हे. कृष्णमठाच्या गावचं, म्हणजे सोवळ्यातलं, कांदा-लसूण नसलेलं रांधप, अशी ती हमी होती. सनातनी घरातल्या माणसाला बाहेर जेवायचं धाडस त्या नावामुळे झालं. पण गंमत अशी की एकदा तो आत आला की टेबलाच्या पलीकडच्या बाजूला कोण येऊन बसेल, यावर मालकाचा ताबा राहिला नाही. गर्दीच्या वेळी जागा मिळेल तिथे बसायचं. हमी होती चुलीची. बाकाची हमी कोण देणार?

हे सगळीकडे असं आपसूक झालं, असं मात्र नाही. मद्रासला एका हॉटेलवरची 'ब्राह्मण' ही पाटी उतरवण्यासाठी पेरियार यांना १९५७ साली आंदोलन करावं लागलं. आणि १९५० साली अमलात आलेल्या घटनेच्या १५ व्या कलमात हॉटेलं आणि उपाहारगृहं यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. देशाच्या घटनेत खाणावळीची गोष्ट कशाला, असं वर्गात एखादा मुलगा हसत विचारायचा. त्याला मी हीच हकीकत सांगत असे.

युद्धाच्या दिवसांत ब्रह्मदेश पडला, तांदूळ आटला, मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. भातावर जगणाऱ्या या वस्तीचे तेव्हा फार हाल झाले. १९६६ नंतरचे दिवसही मला आठवतात. दाक्षिणात्यांविरुद्ध हवा तापली होती आणि उडुपी हॉटेलांवर दगड पडत होते. ज्या हातांनी आपल्याला मसाला डोसा खायला शिकवलं त्यांच्याच काचा फुटल्या. मराठी माणसाच्या नोकरीचा प्रश्न खोटा नव्हता, पण इडलीवाल्याने कोणाची नोकरी घेतली होती, हे मला आजही कळलेलं नाही.

आणि ती पोरं! सत्तरच्या दशकात काही वर्षं मी संध्याकाळी एका रात्रशाळेत शिकवत असे. दक्षिण कन्नडमधल्या खेड्यांतून आलेली, हॉटेलात टेबलं पुसणारी दहा-बारा वर्षांची मुलं माझ्या वर्गात असत. पाण्यात राहून बोटं पांढरी पडलेली, अंगाला सांबाराचा वास. साडेआठला डोळे मिटत. मी उठवत नसे. हॉटेलात मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आली ती थेट १० ऑक्टोबर २००६ ला. रामा नायकही घर सोडून लहानपणीच मुंबईला आले होते, ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. ती कौतुकाची आहेच. पण असं वर आलेलं पोर शंभरात एखादंच असणार.

असो. आता खाण्याचं. भारी हॉटेल हवं असेल, गालिचा आणि मंद दिवे, तर माटुंग्याच्या जुन्या भागात फार काही सापडणार नाही. उडुपी चूल पंचतारांकित मजल्यापर्यंत पोचली ती दुसरीकडे. विठ्ठल कामतांच्या 'इडली, ऑर्किड आणि मी' या पुस्तकाच्या नावातच तो प्रवास आलाय. इथे मात्र साधंच खा. राम आश्रयला सकाळी लवकर, उपमा आणि अननसाचा शिरा. कॅफे मद्रासला रवा डोसा, आणि बाहेर ताटकळायची तयारी ठेवा. दुपारी भूक मोठी असेल तर स्टेशनाजवळचा जिना चढून रामा नायकांकडे केळीच्या पानावर जेवा. घाई असेल तर जाऊच नका. कूलारला कोपऱ्यावरच्या इराण्याचा चहा, कारण दाक्षिणात्यांच्या या गावात सर्कलवर पहिला मान त्याचा.

टेबलावर अनोळखी माणूस येऊन बसला तर सरकून घ्या. आणि सोमवारी जायचं असेल तर आधी चौकशी करा. बऱ्याच जणांची सुट्टी त्याच दिवशी असते.