परत पाठवलेला कुर्ता

गेल्या दशलक्षण पर्वात, उत्तम आकिंचन्याच्या दिवशी, आमच्या बायकांच्या स्वाध्यायात एक प्रश्न निघाला. एका सुनेनं वर्षभरासाठी सहा नवे कपडे, असा नियम घेतला होता. चवथीच्या आधी तिनं मोबाईलवरून आठ कुर्ते मागवले, घरी घालून पाहिले, तीन ठेवले आणि पाच परत पाठवले. आता तिच्या नियमात किती धरायचे, आठ की तीन? आधी सगळ्या हसल्या. मग वाद सुरू झाला. एक आजी म्हणाल्या, "अंगाला लागला तो धरायचा." दुसरी म्हणाली, "पैसे परत आले ना, मग सुटला हिशेबातून." तेवढ्यात आरतीची वेळ झाली आणि प्रश्न तसाच राहिला.

मी मात्र तो घरी घेऊन आले. आमचं डिचोलीत तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान आहे. माझ्या सासूबाईंच्या काळात हा प्रश्न कुणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. ताग्याला कात्री लागली की कापड तुमचं. ते परत घेणारा दुकानदार अजून जन्माला यायचा होता.

कपडे मोजण्याची गोष्ट आपल्याकडे जुनीच आहे. श्वेतांबर आगमांतल्या उपासकदशेत आनंद श्रावकाची कथा येते. वाणिज्यग्रामचा हा गृहस्थ कोट्यधीश होता. चाळीस हजार गुरं, पाचशे नांगर, हजार गाडे. महावीरांपुढे त्यानं व्रतं घेतली तेव्हा वस्त्रांच्या बाबतीत एका क्षौमजोडीवर थांबला. क्षौम म्हणजे जवसाच्या धाग्याचं किंवा सुताचं तलम कापड. हजार गाडे दारात आणि अंगाला एक जोडी! आपल्या तत्त्वार्थसूत्रातही परिग्रहाच्या मर्यादेत शेत, घर, सोनं, धान्य यांच्या जोडीला 'कुप्य' हा शब्द आहे, आणि पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत त्याचा अर्थ सांगताना सुती, रेशमी वस्त्रंच घेतली आहेत. म्हणजे कपाट भरून वाहणं हे काही आजचं दुखणं नाही. दीड हजार वर्षांपूर्वीही कुणीतरी हे जाणून होतं.

गंमत अशी की मोजून नेसायला सांगणारा धर्म आपला, आणि दुसऱ्याला कापड विकणारी जातही आपलीच. डिचोली तालुक्यातल्या कुडण्याला जांभ्या दगडाच्या जैन मंदिराचे अवशेष आहेत. गावातले लोक त्याला 'गुजिर' म्हणतात. हा शब्द गुजर व्यापाऱ्यांवरून आला असं मानलं जातं. नार्व्यालाही जैन कोट म्हणून दाखवतात ती जागा आहे. कदंबांच्या काळात ही नद्यांच्या काठची गावं. खाडीतून वर येणारा माल आणि घाटावरून बैलांच्या पाठीवर उतरणारा माल या टापूत एकमेकांना भेटे. जैन माणूस इथं देऊळ बांधण्याइतका स्थिरावला तो या व्यापारामुळेच, असं मला वाटतं. कुडण्याला गेले की मी गाभाऱ्याच्या उरलेल्या भिंतीकडे पाहते आणि मनात येतं, या श्रावकाच्या घरातल्या बायका काय नेसत असतील? दगडावर ते कुणी कोरून ठेवलेलं नाही.

डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले ते 1780 च्या दशकात. म्हणून त्यांना 'नव्या काबिजाती' म्हणतात. धर्मसमीक्षण सभेचा जुलमी काळ जुन्या काबिजातींनी भोगला तसा इथल्यांच्या वाट्याला आला नाही. देवळं राहिली, लुगडं राहिलं. पण नातीगोती सरहद्दीपलीकडे. पेडण्याच्या मुली सावंतवाडीला, बांद्याला दिलेल्या, तिथल्या इकडे आणलेल्या. लुगडी घाटावरून यायची, बेळगावजवळच्या शहापूरची, इलकलची. कोकणीत तर 'कापड' म्हणजेच साडी. दुसरा शब्द लागत नाही.

ही ये-जा 1954-55 मध्ये तुटली. भारत सरकारनं गोव्याची आर्थिक कोंडी केली. 15 ऑगस्ट 1955 ला पेडण्यातल्या पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळीबार झाला, कर्नैलसिंग बेनिपाल तिथंच पडले, आणि त्यानंतर सरहद्द जवळजवळ बंदच झाली. मिलचं कापड, घाटावरची लुगडी, सगळं अडलं. आता गोव्याच्या बायकांनी काय नेसायचं? इथं इतिहासानं एक विचित्र वळण घेतलं. डिचोलीच्या आसपास लोखंडाच्या खाणी जोरात आल्या होत्या, माती जपानला जात होती, आणि त्या पैशावर पोर्तुगीज सरकारनं बाहेरचा माल मोकळेपणानं आत येऊ दिला. घड्याळं, रेडिओ, दारू, आणि नायलॉन! तिकडे भारतात परदेशी मालावर कडक निर्बंध, आणि इकडे डिचोलीच्या बाजारात झुळझुळीत नायलॉनची साडी. ती लवकर सुकते, इस्त्री लागत नाही, चुरगळत नाही. सरहद्दीपलीकडच्या बायका तिच्यासाठी जीव टाकत, आणि रात्रीच्या वाटांनी ती पलीकडे जातही असे.

सासूबाई सांगायच्या, त्यांच्या पहिल्या नायलॉन साडीला एक ठिणगी लागली आणि पदराला भोक पडलं. चुलीपुढे ती नेसायची नाही हे तेव्हापासून ठरलं. पण भोकासकट ती त्यांनी वीस वर्षं जपली. दोडामार्गच्या मावशीला त्यांनी तीच साडी 'बघायला' दिली होती, तेव्हा मावशीनं दोन दिवस ती परत केली नाही, हेही त्या हसून सांगत. म्हणून कुणी मला म्हणालं की पूर्वीच्या बायका साध्या होत्या, स्वस्त आणि चकचकीत कापडाचा मोह आताच्या मुलींनाच आहे, तर मला त्या भोकाच्या साडीची आठवण येते.

जाता जाता आणखी एक सांगायचं. रेशमासाठी किडे उकळतात म्हणून रेशीम वर्ज्य करणारी घरं आपल्यात पुष्कळ. त्या घरांतल्या लेकीबाळींना लग्नात रेशमासारखी झळाळी मिळाली ती नायलॉन आणि पुढे पॉलिस्टरमुळे. सुरतेच्या कृत्रिम धाग्याच्या साडीचे उपकार आपण मानत नाही, पण ते आहेत. मात्र 24 एप्रिल 2013 ला ढाक्याजवळच्या सावारला राणा प्लाझा कोसळला आणि स्वस्त कपडे शिवणारी अकराशेहून अधिक माणसं गेली, त्यांत बायका जास्त. त्या रात्री बातम्या बघताना मला प्रश्न पडला की किड्यांचा हिशेब ठेवणाऱ्या आपण शिवणकामाच्या मशीनवरच्या बाईचा हिशेब कुठल्या वहीत लिहितो?

1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, सरहद्द गेली, परदेशी माल आटला आणि देशी गिरण्यांचं कापड आलं. दुकानाचे चांगले दिवस ते. पांढऱ्या गादीवर मालक, मागे ताग्यांची उतरंड, पन्हा विचारायचा, सूत बोटांत चोळून पाहायचं, दिव्याखाली नको म्हणून कापड दारात उजेडात न्यायचं. चवथीला नेलेल्या कापडाचे पैसे कुणी भात आल्यावर देई, कुणी काजूच्या हंगामात. खाणीवरचा कामगार पगाराच्या दिवशी. वहीत नाव लिहिलं की झालं. पेडण्याकडची माणसं मोठ्या खरेदीला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जात. शिवोली-चोपड्याला तेव्हा पूल नव्हता. फेरीबोटीतून नदी ओलांडायची, आणि शेवटची फेरी चुकू नये म्हणून घासाघीस आटपती घ्यायची. एक साडी म्हणजे एक आख्खा दिवस.

दुकानाबद्दल आपण आता गहिवरून बोलतो. मी दुकानदाराची सून आहे, मला गहिवर येणं साहजिक आहे. पण गल्ल्यामागे बसून मी जे पाहिलं तेही लिहायला हवं. बाई दुकानात एकटी क्वचित यायची. सासू किंवा नवरा बरोबर असायचा, आणि साडी पसंत तेच करायचे. "वहिनी, तुमच्या रंगाला हा रंग शोभणार नाही," हे आमचा माणूस सहज बोलून जाई, आणि ती काळीसावळी बाई मान खाली घालून मातकट साडी घेऊन जाई. विधवा बाईनं जांभळ्याकडे बोट केलं तर अख्ख्या दुकानाच्या भुवया वर. आतले कपडे मागायचे तर पुरुष विक्रेत्याकडे, खालच्या आवाजात, मापाचा अंदाज नजरेनं तोच करणार, आणि मग ते वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीच्या तळाशी. उधारीची वही सगळ्या गावाला ठाऊक. कुणाच्या सुनेनं किती नेलं हे तिच्या सासऱ्याला आमच्या दुकानातूनच कळत असे. आमच्याकडून किती घरांत भांडणं पोचली असतील, कोण जाणे.

मग एकेक गोष्ट बदलत गेली. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरण्या त्यातून पुन्हा उठल्याच नाहीत. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावचे माग आणि सुरतेचा धागा यांनी बाजार भरला. तिरुपूरचे टीशर्ट म्हापशाच्या फुटपाथवर ढिगानं आले. तयार कपडे आले तसा शिंपी मागे पडला. ब्लाउजची शिलाई साडीपेक्षा महाग झाली आणि बायका सरळ कुर्त्यावर आल्या. 2007 मध्ये बंगळुरूला फ्लिपकार्ट निघालं ते पुस्तकं विकायला. 2010 मध्ये त्यांनी पार्सल हातात आल्यावर पैसे द्यायची सोय काढली, आणि माझ्या मते खरी कलाटणी तीच. ज्या बाईकडे कार्ड नाही, बँकेतल्या खात्यावर नवऱ्याची नजर आहे, तिच्या डब्यातले पैसे आता बंगळुरूपर्यंत पोचायला लागले. 2015 मध्ये मीशो आलं. त्यात घरबसल्या बाईनं साड्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर नातेवाइकांना पाठवायचे, स्वतःचे चार पैसे वर लावायचे. पूर्वी कापडाचं गाठोडं घेऊन दुपारी घरोघर हप्त्यावर विकणारी बाई असायची, तिचाच हा अवतार. फक्त गाठोडं उचलायला नको.

आमच्या व्यापाऱ्यांच्या बैठकीत सगळे म्हणतात की ऑनलाइननं आम्हाला मारलं. मला हे अर्धंच पटतं. सप्टेंबर 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. मध्ये थोड्या चालल्या आणि 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा बंद. डिचोलीत ट्रक दारात उभे राहून गंजले. ज्या घरात चवथीला पाच माणसांचं कापड जाई त्या घराचं नाव वहीत तसंच राहिलं, आणि तो माणूस लाजेनं आमच्या रस्त्यानं जाईना. त्याला वसुलीला गाठावं असं आमच्या घरात कुणाला वाटलं नाही. पण त्याच्या बायकोनं पुढच्या वर्षी मुलांना दोनशे-दोनशे रुपयांचे कपडे मोबाईलवरून मागवले, आणि ते योग्यच केलं. जिथं उधारी थकलेली नाही तिथंच मान वर करून खरेदी करता येते. आमचं गिऱ्हाईक मोबाईलनं पळवलं त्याआधी ते खाणीबरोबर गेलं होतं, आणि लाजेनं परत आलं नाही.

मोबाईलवर कापड हाताला लागत नाही, हे मात्र खरं. फोटोत सुती दिसलेलं घरी येतं ते पॉलिस्टर. पहिल्या धुण्यात रंग जातो, तिसऱ्यात शिवण उसवते. पूर्वी फाटलं तर त्याची गोधडी व्हायची, जुन्या नऊवारीच्या मऊ गोधडीत आमची मुलं वाढली. या कपड्याची गोधडीही होत नाही, घाम शोषत नाही की ऊब देत नाही. लादी पुसायलाही तो निकामी. आमच्या दुकानात खोटं बोललं जात नव्हतं असं मी म्हणणार नाही, पण बुधवारच्या बाजाराला तीच बाई पुन्हा दारात येणार, ही धास्ती होती. "हा घेऊ नका, वहिनी, टिकणार नाही," असं सासरे स्वतःच्या मालाबद्दल म्हणत, ते केवळ पुण्य म्हणून नव्हे.

आता दुकानात माझा मुलगा बसतो. तागे काढले, तयार कपडे ठेवले. तरी दिवसातली निम्मी वेळ तो मोबाईल बघत असतो, आणि त्याची बायको वर माडीवर, तीही मोबाईलच बघत असते. ती पार्सल मागवते तेव्हा देणारा मुलगा ते आमच्याच दुकानाच्या गल्ल्यावर ठेवून जातो. सुरुवातीला याचा राग यायचा. आता मी ते उचलून वर नेऊन देते. ती माझ्यासमोर उघडते, आणि आम्ही दोघी सूत बोटांत चोळून बघतो.

पेडण्याला माझी बहीण असते. तिच्या शेजारच्या शिंप्याकडे पूर्वी चवथीला रात्री दोनपर्यंत मशीन चाले. मध्ये त्याच्याकडे कामच नव्हतं. परवा गेले तर दाराशी बायकांची रांग. सगळ्यांच्या हातात मोबाईलवरून आलेले कपडे, कुणाची बाही सैल, कुणाचा गळा मोठा, कुणाची उंची जास्त. परत पाठवायची मुदत उलटून गेलेले. तो एकेकीला समोर उभं करतो, टाचण्या लावतो, आणि मग खडूनं खूण करून कात्री हातात घेतो.